द सोर्ड इन द स्टोन

दगडातली तलवार उपसून राजा झालेल्या आर्थरच्या बालपणावरची विनोदी अद्भुत कादंबरी. लेखक टी. एच. व्हाइट, प्रथम प्रकाशन १९३८. आर्थर आणि त्याचे सरदार यांच्या आख्यायिका इंग्रजीत घरोघरी पोचल्या त्या टॉमस मॅलरीच्या ग्रंथामुळे. विल्यम कॅक्स्टनने तो १४८५ मध्ये छापला. मॅलरीने बाळ आर्थरला सर एक्टरच्या हवाली केले आणि पुढे थेट तलवारीपाशीच आणले. मधली वर्षे कोरी राहिली. व्हाइट यांची कादंबरी त्या कोऱ्या जागेत उभी आहे. आपले पुस्तक म्हणजे मॅलरीची प्रस्तावना, असे त्यांनीच आपल्या जुन्या प्राध्यापकांना पत्रातून कळवले होते.

टेरेन्स हॅनबरी व्हाइट (२९ मे १९०६–१७ जानेवारी १९६४) यांचा जन्म मुंबईचा. वडील हिंदुस्थानात पोलीस अधिकारी होते. आईवडिलांचे पटत नव्हते, त्यामुळे मुलगा इंग्लंडला आजोळी वाढला. केंब्रिजला शिकताना त्यांनी मॅलरीवर निबंध लिहिला. पुढे स्टो येथील शाळेत ते शिक्षक झाले, पण १९३६ मध्ये नोकरी सोडून जवळच्या रानातल्या राखणदाराच्या घरात राहायला गेले. तिथे त्यांनी शिकारी बाज माणसाळवण्याचा खटाटोप केला. कादंबरीतल्या रानाला, पाखरांना आणि शिकारीला जो जिवंतपणा आहे तो या दिवसांतून आलेला आहे.

कथेतल्या मुलाला सगळे ‘वॉर्ट’ म्हणतात. आपण कोण हे त्याला ठाऊक नाही. सर एक्टरचा मुलगा के याच्या मागे राहायचे, एवढेच त्याला माहीत. त्याचा गुरू मर्लिन काळातून उलटा जगतो. त्याला पुढचे आधीच आठवते, आणि त्यामुळे मध्ययुगात बसून तो विसाव्या शतकातल्या गोष्टी सहज बोलून जातो. शिकवण्याची त्याची पद्धतही वेगळी : तो मुलाला मासा करतो, बाज करतो, बिज्जूकडे धाडतो. खंदकातला मोठा मासा वॉर्टला निव्वळ बळाच्या जोरावर चालणारी सत्ता दाखवतो, आणि ती पाहून मुलगा हादरतो.

सगळ्यात लोभस पात्र राजा पेलिनोर. ज्याच्या पोटातून साठ शिकारी कुत्र्यांसारखा आवाज येतो, अशा प्राण्याचा पाठलाग हेच त्याचे कुलव्रत. शेवटी कंटाळून तो एका मित्राच्या मऊ गादीवर मुक्कामाला जातो, तर इकडे तो प्राणी पाठलाग करणारे कोणी नाही म्हणून झुरून आजारी पडतो. पेलिनोर त्याची शुश्रूषा करतो, त्याला बरा करतो आणि पुन्हा मागे लागतो. या प्रसंगात वीरव्रताची थट्टा आहे, पण तुच्छता कुठेच नाही. लोखंडी चिलखतात अवघडलेले दोन सरदार एकमेकांवर आदळतात तो द्वंद्वाचा प्रसंगही असाच. चिलखताचे वजन लेखकाला नीट ठाऊक आहे, म्हणूनच तो हसवतो.

वीरकथेत हसू असते हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, स्थापनेची आख्यायिकाच अशी : गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला असता कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला, आणि राणीच्या सल्ल्याने त्या जागी किल्ला बांधायचे ठरले. कुत्र्यामागे ससा ही उलटापालट पेलिनोरच्या शिकारीच्या शेजारी शोभावी अशी आहे. जिवतीच्या माणिकगड डोंगरात आणि लगतच्या आदिलाबादेत गोंडांच्या मूळपुरुषांच्या कथा परधान गायक किंगरीवर गात आले. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांची मिथके आणि विधी १९४८ मध्ये ग्रंथरूपात आणले. मॅलरीपर्यंत आर्थरही अनेक पिढ्यांच्या कथनातूनच पोचला होता.

व्हाइट यांनी आर्थरची कथा पुढे नेली. ‘द विच इन द वुड’ १९३९ मध्ये आली, ‘द इल-मेड नाइट’ १९४० मध्ये. मग १९५८ मध्ये चार भाग एकत्र करून ‘द वन्स अँड फ्यूचर किंग’ हा ग्रंथ निघाला. दरम्यान दुसरे महायुद्ध झाले होते. युद्धाची बहुतेक वर्षे लेखकाने आयर्लंडमध्ये काढली, आणि बळाला न्यायाच्या बाजूने कसे वळवावे हा आर्थरचा प्रश्न त्यांचाही झाला. एकत्रित आवृत्तीत पहिल्या भागात मुंग्यांचे आणि रानहंसांचे प्रसंग आले. मुंग्यांच्या राज्यात हुकमाशिवाय काही नाही. हंसांना आकाशात सीमा दिसत नाहीत, आणि आपल्याच जातीला मारण्याची कल्पना त्यांना किळसवाणी वाटते. महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांनी दावा सांगितलेली १४ गावे जिवती तालुक्यात आहेत. तिथल्या अनेकांकडे दोन्हीकडची मतदार ओळखपत्रे आहेत. तिथे हे हंसांचे प्रकरण फार जवळून वाचले जाईल.

मुंग्या-हंसांच्या या भरीची किंमतही मोजावी लागली. मर्लिन आणि चेटकीण मॅडम मिम यांची रूपे बदलत चालणारी झुंज १९५८ च्या आवृत्तीतून गेली. डिस्नेच्या १९६३ मधल्या व्यंगचित्रपटात मात्र ती आहे. ‘कॅमेलॉट’ ही १९६० ची ब्रॉडवे संगीतिकाही व्हाइट यांच्या आर्थरकथेवरच बेतलेली. १९३८ च्या पुस्तकांसाठीचा पूर्वलक्षी ह्यूगो पुरस्कार या कादंबरीला २०१४ मध्ये मिळाला. लहान वाचकाने आरंभ १९३८ च्या स्वतंत्र आवृत्तीपासून करावा, कारण तिच्यातले हसू अजून युद्धाने जड केलेले नाही. मोठ्या वाचकाने मग चारही भाग सलग वाचावेत.