भोपाळनंतरचा कागद

2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. डोळे चोळत, धापा टाकत हजारो माणसे हमीदिया रुग्णालयात पोहोचली. डॉक्टर हजर होते, पण वायू कोणता आणि त्यावर उतारा काय, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी 1982 पासून धोक्याचे इशारे छापले होते. ते कोणी मनावर घेतले नाहीत.

या अज्ञानाची किंमत मोजल्यावर कायदा हलला.

1987 मध्ये कारखाने अधिनियमात कलम 41-ब आले. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगार, मुख्य निरीक्षक, स्थानिक प्रशासन आणि आसपासची वस्ती या सर्वांना देणे मालकावर बंधनकारक झाले. 41-क ने कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवून त्या त्यांना पाहू देण्याची सक्ती केली. कसूर केल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद तेव्हा झाली. 1989 च्या घातक रसायन नियमांनी सुरक्षा माहितीपत्रकाचा नमुनाच ठरवून दिला: उत्कलनबिंदू, विषारीपणा, प्रथमोपचार, गळती झाल्यास काय करावे.

मात्र हे पत्रक व्यवस्थापकाच्या कपाटात कुलूपबंद राहिले, तर पिंपाजवळच्या माणसाला त्याचा उपयोग शून्य. रसायनाशी काम पडत असेल, तर ते पत्रक मागा आणि आपल्या भाषेत समजावून घ्या.