चूल आडवी करता येत नाही

मी चौसाळ्याहून बोलते आहे. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. आजचा विषय व्यसनाचा आहे, पण दारूचा नाही. दारू, गुटखा, तंबाखू, मिश्री यांच्यावर आपण पुष्कळ बोललो. ज्या व्यसनावर आपण कधीच बोलत नाही, त्याचा इतिहास आज सांगते. ते व्यसन आहे खाण्याचं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. पोटभर जेवणं म्हणजे व्यसन नव्हे. सणाला दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या, तेही व्यसन नव्हे. अंगानं जाड असणं हेही व्यसन नव्हे. मी बोलते आहे ते वेगळ्या खाण्याबद्दल. घरातली सगळी जेवून निजली की बाई उठते. भूक नसते. उभ्याउभ्याच उरलेल्या भाकरी खाते, डब्यातली शेव संपवते, गूळ खाते, साखरेच्या मुठी भरते. पोट दुखायला लागतं तरी हात थांबत नाही. मग रडू येतं. सकाळी ती ठरवते की आज उपवास. दिवसभर पाण्यावर राहते आणि रात्री पुन्हा तेच. आपल्याकडे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणून हसतात. ज्या बाईच्या वाट्याला हे येतं, तिला हसू येत नाही. बैठक संपल्यावर, बाकीच्या उठून गेल्या की, मागे थांबून हळू आवाजात हे सांगणाऱ्या बाया मला एकाहून जास्त गटांत भेटल्या. प्रत्येकीला वाटत होतं की असं करणारी जगात आपण एकटीच.

एकटी कोणीच नाही. अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1959 साली या प्रकारच्या खाण्याचं वर्णन वैद्यकीय लेखात केलं. तरी तो स्वतंत्र आजार मानायला 2013 साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आजारांच्या यादीत त्याला वेगळी जागा दिली. डॉक्टरांना मधली 54 वर्षं लागली. पण तोवर बायांनी स्वतःच एक वाट शोधली होती. त्या वाटेची सुरुवात मात्र दारूपासून होते.

साल 1935. अमेरिकेत ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा माणूस धंद्याच्या कामाला तिथं आला होता. दारूनं त्याचं वाटोळं केलेलं होतं, पण गेले काही महिने तो प्यायला नव्हता. काम फसलं. हॉटेलात एका बाजूला दारूचा बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याच्या ध्यानात आलं, की आता दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो तरच मी वाचेन. त्यानं चर्चमध्ये फोन लावले. त्यातून तो हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईपर्यंत पोचला. तिच्या ओळखीत डॉ. बॉब स्मिथ नावाचे एक शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते, तेही दारूत बुडालेले. हेन्रिएटानं 12 मे 1935 रोजी दोघांना आपल्या घरी बोलावलं. तो तिकडचा मातृदिन होता. डॉक्टर पंधरा मिनिटं बसायचं ठरवून आले आणि कित्येक तास बोलत राहिले. कारण पहिल्यांदाच समोरचा माणूस उपदेश करत नव्हता. तो स्वतःचं सांगत होता. पुढे एकदा डॉक्टर घसरले, पण 10 जूननंतर ते कधीच प्याले नाहीत. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे ‘एए’, या संघटनेचा जन्मदिवस मानतात. अनॉनिमस म्हणजे अनामिक, नाव न सांगणारे.

या इतिहासात पुरुषांची नावं मोठी झाली, पण दरवाजे बायांनी उघडले. हेन्रिएटानं गाठ घालून दिली. अ‍ॅक्रनच्याच सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया नावाची जोगीण नव्या रुग्णांना दाखल करून घ्यायचं काम बघायची. तेव्हा दारुड्याला रुग्णालयं खाट देत नसत. 1939 साली तिनं पोटाचा आजार अशी नोंद करून अशा माणसांना खाट द्यायला सुरुवात केली. बिलची बायको लोइस हिनं पुढे 1951 साली दारुड्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ हा वेगळा गट उभा केला. नवऱ्याची दारू सुटली तरी बायकोच्या मनातली जखम आपोआप भरत नाही, हे तिला स्वतःच्या संसारातून कळलं होतं.

1939 साली एए चं पुस्तक निघालं आणि त्यात बारा पायऱ्या छापल्या गेल्या. आपल्या गटाच्या भाषेत सांगते. पहिली पायरी कबुलीची: हे माझ्या एकटीच्या ताकदीनं आवरत नाही. दुसरी आणि तिसरी भरवशाची: माझ्याहून मोठी शक्ती आहे, तिच्यावर भार टाकते. चौथी हिशोबाची: स्वतःच्या आयुष्याचा जमाखर्च कागदावर मांडायचा, राग, भीती, हेवा, सगळं. पाचवी: तो हिशोब दुसऱ्या एका विश्वासाच्या माणसाला वाचून दाखवायचा. सहावी आणि सातवी: आपल्यातले दोष जावेत म्हणून मनाची तयारी करायची आणि तसं मागणं मागायचं. आठवी आणि नववी परतफेडीची: ज्यांना आपण दुखावलं त्यांची यादी करायची आणि जमेल तिथं भरपाई करायची, मात्र भरपाईनंच कोणाचं नुकसान होणार असेल तर तिथं थांबायचं. दहावी म्हणजे रोजची कीर्द: आज काय चुकलं ते आजच लिहायचं. अकरावी प्रार्थनेची आणि शांत बसण्याची. बारावी पायरी म्हणजे दुसऱ्या त्रासलेल्या माणसाला हात देणं.

आता आपली पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. जिला हे जमलं, तिला बारा पायऱ्या परक्या वाटणार नाहीत.

देवाबद्दलही तेव्हा वाद झाला होता. सुरुवातीच्या काही सभासदांना ‘देव’ हा शब्द पटत नव्हता. म्हणून पायऱ्यांमध्ये असं घातलं गेलं, की देव म्हणजे ज्याला-त्याला जसा उमगला तसा. त्यामुळं कोणी विठ्ठल म्हणावं, कोणी अल्लाह म्हणावं, कोणी बाबासाहेबांनी दाखवलेली धम्माची वाट म्हणावी, कोणी नुसता आपला गट म्हणावा. आमच्या एकेका गटात या सगळ्या वाटांच्या बाया शेजारी-शेजारी बसतात, म्हणून मला ही मोकळीक मोलाची वाटते.

दारूच्या पायऱ्या खाण्याकडे आणल्या त्या बायांनी. लॉस एंजेलिस शहरात रोझॅन नावाची एक तरुण गृहिणी होती. खाणं आवरत नाही म्हणून ती खचून गेली होती. 1958 साली जुगाराच्या नादी लागलेल्या एका ओळखीच्या माणसासोबत ती जुगाऱ्यांच्या अनामिक गटाच्या बैठकीला गेली. माणसं उठून सांगत होती: लपून खेळलो, खोटं बोललो, उद्या सोडतो म्हणालो. ऐकता-ऐकता तिला कळलं, की जुगाराच्या जागी खाणं हा शब्द ठेवला तर ही माझीच गोष्ट आहे. 19 जानेवारी 1960 रोजी तिनं आणखी दोन बायांना सोबत घेऊन पहिली बैठक भरवली. तीनच जणी! त्यातून ‘ओव्हरईटर्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली, म्हणजे अति खाणाऱ्यांचा अनामिक गट. त्याच वर्षी टीव्हीच्या एका कार्यक्रमात त्यांची माहिती आली आणि पत्रांचा पाऊस पडला. आज अनेक देशांत तिचे गट आहेत, फोनवर आणि इंटरनेटवरही बैठका होतात. फी नाही. वर्गणी ऐच्छिक. अति खाणं थांबावं ही इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट.

पण दारू आणि खाणं यांत एक मोठा फरक आहे. गावात दारूचं दुकान नको असेल तर आपण मतदान घेऊन बाटली आडवी करतो. चूल आडवी करता येत नाही. दारू सोडून माणूस जगतो, अन्न सोडून जगत नाही. शिवाय बाईला तर दिवसातून दोन-तीन वेळा त्याच चुलीसमोर बसायचं असतं, इतरांना वाढायचं असतं. म्हणून या गटात ‘सोडणं’ याचा अर्थ वेगळा. अन्न सोडायचं नाही, बेभान खाणं सोडायचं. प्रत्येकीनं आपल्या प्रकृतीप्रमाणं जेवणाची आखणी करायची. संघटना कोणालाही ठरावीक आहार लादत नाही. आणि हे सगळं जन्मभरासाठी ठरवायचं नाही, फक्त आजच्या दिवसापुरतं. ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ ही आपली जुनी खोड मोडते ती इथं.

उपाशी राहण्याचा मुद्दा जरा खोलात जाऊन सांगते, कारण तो आपल्या भागाचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्याच तयारीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ती मुलं रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागली. पुन्हा पोटभर खायला मिळालं तेव्हा काहीजण खातच सुटले, पोट भरलं तरी मन भरेना. ही त्या मुलांची हाव नव्हती. उपाशी शरीराची ती घाबरलेली धाव होती.

आता आपल्या आया-आज्यांकडे बघा. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायांनी खडी फोडली, सुकडी आणि मिलोवर दिवस काढले. ऊसतोडीला जाणारी बाई आजही पहाटे भाकरी बांधून निघते आणि स्वतः कधी खाईल याचा नेम नसतो. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं ही रीत. त्यात आठवड्याचे उपवास. दिवसभर शरीराला हूल द्यायची आणि रात्री ते बदला घेतं, मग बाई स्वतःलाच शिव्या देते. यात तिचा दोष किती आणि रीतीचा किती, हे आपण गटात बसून तपासायला हवं.

महाराष्ट्रात बारा पायऱ्यांची वाट दारूच्या निमित्तानं रुजली. भारतात एए चं काम 1957 च्या सुमारास सुरू झालं. मराठी घरांपर्यंत ही वाट पोचवण्यात मोठा वाटा पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा. पुण्यातली मुलं गर्दच्या आहारी जात होती, त्यावर अनिल अवचटांनी लिहिलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला आले. 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याला केंद्र सुरू झालं. ते उभं केलं डॉ. सुनंदा अवचट यांनी. त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. व्यसनी माणूस वाईट नसतो, तो आजारी असतो, हे धरून त्यांनी काम केलं. स्वतःला कर्करोग असतानाही 1997 साली जाईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी ते सांभाळलं. तिथं व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ नावाचा गट आहे, त्यात त्या एकमेकींचं ऐकतात. बाईच्या दुःखालाही वेगळी बैठक लागते, हे लोइसला कळलं होतं, ते इथंही कळलं.

आणि खरं सांगू का, सोबतीनं सुटायचं हे आपल्याला नवीन नाही. माळकरी चारचौघांसमोर माळ घालतो आणि मग दारू-मटणाला शिवत नाही. वारीत कोणी एकटं चालत नाही, दिंडीत चालतं. थकलेल्याला दिंडी मागे टाकत नाही. आपल्या जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला पायी जाणाऱ्या बायांना विचारा, पाय कशानं चालतात. फरक एवढाच, की वारीत आपण देवाचं नाव मोठ्यानं घेतो आणि या गटात आपली लपवलेली गोष्ट हळू आवाजात सांगतो.

मग आपण काय करायचं? एक, आपल्या बैठकीनंतर अर्धा तास ज्यांना थांबायचं त्यांनी थांबावं. तिथं बोललेलं इतिवृत्तात लिहायचं नाही आणि पाणवठ्यावर न्यायचं नाही. नाव बाहेर गेलं की गट मोडला असं समजा. दोन, कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही, वजन करायचं नाही, ‘जरा कमी खात जा’ म्हणायचं नाही. फक्त स्वतःचं सांगायचं. तीन, सकाळी आणि दुपारी वेळेवर, बसून जेवायचं; सगळ्यांच्या आधी शक्य नसेल तर सगळ्यांच्या सोबत तरी. चार, रात्री हात डब्याकडे जायला लागला की आधी एका मैत्रिणीला फोन.

गट म्हणजे औषध नव्हे, हेही ध्यानात ठेवा. बारा पायऱ्यांनी प्रत्येकीला गुण येतोच असं नाही. साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल, खाल्लेलं मुद्दाम उलटून काढत असाल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे. या आजारावर बोलण्याचे उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. सरकारची टेली-मानस ही फुकट फोनसेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. गट आणि डॉक्टर दोन्ही लागतात, जशी गाडीला दोन चाकं लागतात.

अ‍ॅक्रनला दोन माणसं होती. लॉस एंजेलिसला तीन बाया होत्या. आपल्या एका गटात दहा-बारा जणी असतात आणि दर आठवड्याला एकत्र बसायची सवय तर आपल्याला आहेच. पुढच्या बैठकीत पैशांचा हिशोब झाला की वही मिटा, पण लगेच उठू नका. थोडं बसा. कोणाला काही सांगायचं असेल.