‘अचानक’ या शब्दाचा इतिहास

‘मोटारीचा ब्रेक अचानक निकामी झाला’ हे वाक्य अपघाताच्या वार्तेत आपण कितीदा तरी वाचतो. त्यातील ‘अचानक’ हा शब्द कितपत खरा आहे, हे आज मोटारीच्या इतिहासालाच विचारून पाहू.

हा इतिहास एका मातेपासून सुरू होतो. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही जर्मन स्त्री आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न कळवता, त्यानेच बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर होते. चाकावर लाकडी ठोकळा घासून वेग आवरावा, एवढीच त्या गाडीच्या ब्रेकची मजल होती. उतारावर ठोकळा झिजू लागला, तेव्हा वाटेतल्या एका चांभाराकडून तिने त्यावर चामडे ठोकवून घेतले. लांब पल्ल्याच्या या पहिल्या कौटुंबिक सफरीतच ब्रेकने आपली दुखरी बाजू दाखविली आणि ती ओळखून तिने प्रवासातच इलाज केला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे लोखंडी सळ्या व तारा आल्या. पण त्यांची ओढ सर्व चाकांवर सारखी राखणे कठीण होते. एक चाक आधी आवळले गेले, की गाडी एका अंगाला ओढली जाई. यावर उपाय सापडला तो सतराव्या शतकातील पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या सिद्धान्तात. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा तो सिद्धान्त. त्याच्या आधारे अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये द्रवदाबाच्या ब्रेकचे पेटंट मिळविले, आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना तो ब्रेक लागला.

हेन्री फोर्ड यांच्या मोटारींनी मात्र १९३९ सालापर्यंत सळ्या-तारांची कास सोडली नाही. पेडलपासून चाकापर्यंत पोलादच हवे, असा त्यांचा आग्रह होता. आज त्याला कोणी हट्ट म्हणेल. पण त्यामागील शंका निराधार नव्हती. एकाच नळीसमूहातून चारही चाकांना तेल जात असेल, तर एके ठिकाणी गळती होताच चारही चाकांचा लगाम एकदम सुटणार! त्या काळच्या द्रवदाबाच्या ब्रेकमध्ये हा दोष होताच.

या दोषाची ओळख मला लहानपणीच झाली. एका लग्नासाठी आम्ही बेळगावहून सावंतवाडीला निघालो होतो. वडिलांची जुनी मोटार आंबोली घाट उतरत असताना त्यांचा पाय पेडलसकट तळाला टेकला. ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी गियर उतरविले, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या कडेला घासत थांबविली. आईने धाकट्या बहिणीला इतके घट्ट धरले होते, की गाडी थांबल्यावरही तिचे हात सुटेनात. मास्टर सिलिंडरमधील रबर झिजल्याचे मिस्त्रीने पुढे दाखविले. त्या दिवशी आम्हांला तारले ते हँडब्रेकच्या तारेने. म्हणजे फोर्ड यांच्या त्या जुन्या पोलादानेच.

परंतु खरी गोष्ट वडिलांनी कित्येक वर्षांनी सांगितली. पेडल आठवडाभर खोल जात होते, आणि ते त्यांना कळतही होते. ‘लग्न आटोपले, की दाखवू’ असे त्यांनी ठरविले होते. आम्ही घरी ज्याला ‘अचानक’ म्हणत होतो, ते आठ दिवसांचे होते!

ब्रेकचे तेलही असेच मुकाट्याने बिघडते. सामान्यतः वापरले जाणारे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ या प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांची आहे. घाटात सतत ब्रेक दाबल्याने चाके तापतात, तेल उकळते आणि नळीत वाफ धरते. द्रव सहजी दबत नाही, वाफ मात्र दबते. म्हणून पेडल पोकळ लागते. उतारावर लहान गियर वापरावा, हा जुन्या चालकांचा नियम याच कारणाने शहाणपणाचा आहे.

फोर्ड यांच्या शंकेला उत्तर मिळाले ते दुहेरी नळीमार्गाने. एक मार्ग फुटला, तरी दुसऱ्यावर काही चाके आवळली जावीत, अशी ही योजना. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना ती कायद्याने सक्तीची झाली. आजच्या गाडीत यामुळे संपूर्ण ब्रेक एकाएकी जाणे विरळा झाले आहे. तरीही तसा प्रसंग आलाच, तर पेडल भराभर दाबून पाहावे, गियर क्रमाने उतरवावे, हँडब्रेक एकदम न खेचता बेताने ओढावा आणि चालत्या गाडीचे इंजिन बंद करू नये.

यंत्र सुधारले, पण ‘मग बघू’ म्हणणारा माणूस अजून तोच आहे. बर्था बेंझने चांभाराचे दुकान गाठले, ते मुक्कामी पोहोचल्यावर नव्हे, तर वाटेतच. उद्या सकाळी गाडी काढताना पेडल नेहमीपेक्षा खोल गेले, तर मुलांना गाडीत बसविण्यापूर्वी मिस्त्रीचे दार गाठावे, एवढेच माझे मागणे आहे.