वास्तुकलेचे शिक्षण आणि समाजपरिवर्तन

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन मूलभूत गरजा होत. त्यांपैकी निवाऱ्याची विद्या विद्यापीठात शिकविली जाते, ती कोणासाठी? कचेऱ्या आणि बंगले उभारणाऱ्यांसाठीच, की ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नाही त्यांच्यासाठीही? पश्चिम भारतातील वास्तुशिक्षणाच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने घडत गेलेले दिसते.

मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. तेथे वास्तुकलेचे वर्ग निघाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यांचा मूळ हेतू मर्यादित होता. सरकारी बांधकामांना आरेखक हवे होते. क्लॉड बॅटली १९२३ ते १९४३ या काळात वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. त्यांनी विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तू प्रत्यक्ष मोजून त्यांची रेखाटने करावयास लावली. येथील हवामान आणि राहणी यांतूनच येथील वास्तू घडली पाहिजे, हा संस्कार त्यामुळे रुजला. याच संस्थेतून १९३६ साली पेरिन मिस्त्री यांनी पदविका मिळविली आणि स्त्रियांना या व्यवसायाचे दार उघडले.

पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी १९४७ साली जे. जे.मध्ये दाखल झाले. पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली काम केले. १९६२ साली त्यांनी अहमदाबाद येथे वास्तुकलेचे विद्यालय स्थापन केले. त्यास अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीचा आश्रय लाभला. या सोसायटीच्या स्थापनेत दादासाहेब मावळंकर आणि कस्तुरभाई लालभाई यांचा वाटा होता. व्यापाराने मिळविलेले धन विद्येकडे वळले, तर त्याची फळे किती दूर पोहोचतात याचे हे उदाहरण होय.

ती फळे इंदूरमध्ये दिसली. तेथील विकास प्राधिकरणासाठी दोशी यांच्या संस्थेने ‘अरण्य’ ही वसाहत आखली. कागदावर रेषा ओढण्यापूर्वी शहरातील झोपडवस्त्यांचा अभ्यास झाला. लोक ओट्यावर कसे बसतात, दारातच व्यवसाय कसा करतात, गल्लीचा अंगणासारखा उपयोग कसा होतो, हे पाहिले गेले. त्यातून असे ठरले की, गरिबाला तयार घर न देता भूखंड, जोते, पाणी आणि शौचालय द्यावे. उर्वरित घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवावे. सुमारे ६५ टक्के भूखंड दुर्बल घटकांसाठी ठेवले गेले, आणि इतर भूखंडांच्या विक्रीतून त्यांचा भार हलका झाला. या वसाहतीस १९९५ साली आगाखान पुरस्कार मिळाला. २०१८ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळविणारे दोशी हे पहिले भारतीय ठरले. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

इंदूरकडे जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग इंदिरानगरच्या कडेने जातो. महामार्गाच्या पलीकडे सिडकोने वसविलेले नवीन नाशिक आहे. तेथेही मूळच्या छोट्या घरांना रहिवाशांनी संसार वाढेल तशा खोल्या जोडल्या, मजले चढविले. घर वाढणारच, हे तेथील प्रत्येक गल्ली सांगते. मात्र त्या वाढीला प्रकाश, हवा आणि जिना यांची आखणी आधीपासून लागते. ती करणे हेच वास्तुविशारदाचे काम. ‘अरण्य’चा धडा नाशिककरांना परका वाटू नये, तो यासाठी.

आज नाशिकमध्येही मराठा विद्या प्रसारक समाजाच्या महाविद्यालयात वास्तुकलेचे शिक्षण मिळते. मोजपट्टी घेऊन जुने वाडे मोजणाऱ्या विद्यार्थ्याने तीच मोजपट्टी वस्तीतील दहा बाय दहाच्या खोलीतही न्यावी, आणि तेथे राहणाऱ्या गृहिणीस ‘बाई, आपणांस काय अडते?’ असे आधी विचारावे. पदवी विद्यापीठ देईल, परंतु त्या विद्येचे सार्थक अशा प्रश्नातूनच होईल.