समुद्रात परतलेले प्राणी

आपल्या साजगावची बोंबल्या विठोबाची यात्रा सुक्या मासळीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे मासळी पारखून घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही फसवील असा एक प्राणी एके काळी समुद्रात होता. अंग माशाचे, पर होते, शेपटी होती. पण कल्ले नव्हते. श्वासासाठी त्याला पाण्याबाहेर नाक काढावे लागे. इक्थिओसॉर हे त्याचे नाव, म्हणजे ग्रीक भाषेत मासा-सरडा.

आपल्या डोंगरांत तो शोधून उपयोग नाही. हा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि इक्थिओसॉर त्याच्याही अडीच कोटी वर्षे आधी नामशेष झाले होते. मात्र कच्छमधील लोडाई गावाजवळ कठीण खडकात त्याचा पाच मीटरांच्या आसपास लांबीचा सांगाडा सापडला. दिल्ली विद्यापीठाचे गुंटुपल्ली प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. वय सुमारे पंधरा कोटी वर्षे. दातांच्या झिजेवरून तो टणक भक्ष्य खात असावा असे दिसते.

याचे पूर्वज जमिनीवरचे, आणि हाडे ते लपवीत नाहीत. पायांची वल्ही झाली, पण आत बोटे आहेतच. आपल्या बोटाला तीन पेरे. याच्या काही जातींत एकेका बोटाला वीसवीस! पाठीचा कणा शेवटी खाली वळून शेपटीच्या खालच्या पाळीत शिरलेला. अंडी घालावयास किनाऱ्यावर येण्याचे कारण उरले नव्हते, कारण पिल्ले पोटातच वाढत. गर्भासह सांगाडे मिळालेले आहेत. फुप्फुसे तेवढी जुनीच राहिली.

आम्हां चळवळीतल्या माणसांना मात्र सांगाड्याइतकीच तो दगडातून मोकळा कोणी केला याची चौकशी असते. इंग्लंडात लाइम रीजिस येथे जोसेफ ॲनिंग या सुताराच्या मुलाला १८११ साली एक कवटी सापडली. बाकीचा सांगाडा पुढल्या वर्षी त्याच्या बहिणीने, मेरीने, शोधला. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची. बाप वारलेला, घर असले अवशेष विकून चाले. सांगाडा सुमारे तेवीस पौंडांना गेला. १८१४ साली एव्हरार्ड होम यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात या भावंडांचे नावच नाही. हाडे साफ करण्याचे कसब संग्रहालयाच्या नोकरांच्या नावे मांडलेले! नोकरांना श्रेय मिळाले, ही बातमी एरवी आम्ही आनंदाने सांगितली असती.

मेरीने पुढे १८२३ साली लांब मानेच्या प्लेसिओसॉरचा सांगाडाही काढला. १८४७ साली ती वारली. लंडनच्या भूविज्ञान संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९१९ साली.