गुरूचं मत की विद्यार्थ्याचा आवाज? मुक्ता साळवेच्या निबंधाचं उदाहरण

समुद्रपूरची एक विद्यार्थिनी सध्या पेटची तयारी करते आहे. तिने विषय ठरवलाय, 'नई तालीममधल्या शिक्षकांच्या विचारांचा विद्यार्थ्यांवर पडलेला प्रभाव'. विषय आपल्याच जिल्ह्यातला, चांगला आहे. मी तिला एकच विचारलं, "प्रभाव पडला, हे तुला सांगणार कोण?"

अडचण खरी आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. मग झाकिर हुसेन समितीचा अहवाल आला. सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाचं काम उभं राहिलं, त्यात आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य आघाडीवर होतं. या सगळ्याचे अहवाल, भाषणं, अभ्यासक्रम मिळतात. पण हे शिकवणाऱ्यांचे कागद आहेत. शिक्षकाला काय वाटत होतं ते त्यातून कळतं. मुलाने त्यातलं काय घेतलं नि काय सोडलं, ते कळत नाही.

विद्यार्थ्याचा कागद हाती लागला तर काय होतं, हे बघायला वर्धा सोडून थोडं पुण्याला आणि मागे १८५५ सालात जावं लागेल. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो त्याच वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेदांवर हक्क फक्त ब्राह्मणांचा असेल तर आमचा धर्म कोणता, असा थेट प्रश्न तिने त्यात विचारलाय.

हा निबंध वाचला की एक शंका हमखास निघते. हे एवढ्याशा मुलीचं कसं असेल? जोतीरावांनीच लिहवून घेतलं असणार! मी उलट विचारतो, हीच शंका आपण एखाद्या सरदार घराण्यातल्या मुलाच्या निबंधावर घेतो का?

तरी शंका आली आहे तर ती तपासूया. निबंधात शिक्षकांची छाया आहेच. ज्ञानाने दुःख दूर होईल हा विश्वास, ब्राह्मणी सत्तेवरची टीका, पेशवाईपेक्षा इंग्रजी राज्य बरं हे मत, हे सगळं फुल्यांच्या विचारांशी जुळतं. शिवाय 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनचं पत्र. हिंदू धर्मावरची टीका त्यांना सोयीचीच होती. म्हणजे मजकूर आपल्यापर्यंत येतो तो शिक्षक आणि संपादक अशा दोन चाळण्यांतून.

पण आता तारखा बघा. जोतीरावांचं 'तृतीय रत्न' नाटक १८५५चंच, मात्र ते तेव्हा छापलं गेलं नाही. 'ब्राह्मणांचे कसब' १८६९चं, 'गुलामगिरी' १८७३चं. गुरूची ही पुस्तकं छापून येण्याच्या कितीतरी आधी शिष्येचा निबंध लोकांनी वाचला होता. मग या विचारांचा प्रवास एकाच दिशेने, शिक्षकाकडून मुलीकडे झाला, असं कशावरून म्हणायचं? शाळेतल्या मुलांचे अनुभव ऐकून शिक्षकही घडले असतील, ही शक्यता खुली ठेवावी लागते.

दुसरं, तपशील बघा. बाळंतपणाच्या वेळी आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसतं, असं मुक्ता लिहिते. ही माहिती शाळेच्या फळ्यावरून आलेली नाही, वस्तीतून आलेली आहे. शिक्षकाने तिला प्रश्न विचारायची सवय लावली असेल, पण त्या प्रश्नात भरलेलं दुःख तिचं स्वतःचं होतं.

म्हणून 'प्रभाव' हा शब्द शीर्षकात घालताना जपा. तो वापरला की विद्यार्थी म्हणजे रिकामा घडा आणि शिक्षक ओतणारा, असं चित्र आपोआप तयार होतं. त्याऐवजी प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा. यात शिक्षकाचं काय आहे? छापणाऱ्याचं काय आहे? आणि या दोघांनाही सांगता आलं नसतं, असं काय आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, की विद्यार्थी सापडला.

समुद्रपूरच्या त्या मुलीला मी विषय बदलायला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की अहवाल वाचून झाले की नई तालीममध्ये शिकलेल्यांच्या घरी जा. जुन्या वह्या, पत्रं, रोजनिशा माग. कुणी आठवणी सांगायला तयार असेल तर बसून ऐक. आणि शिक्षकांचं न पटलेलं काय होतं, हेही विचारायला विसरू नकोस.