कराचीहून आलेले टपाल

भारताचा नकाशा समोर पसरावा आणि अहमदाबादच्या विमानतळापासून मुंबईच्या जुहू विमानतळापर्यंत पट्टीने एक सरळ रेष ओढावी. ती रेष खंबायतचे आखात ओलांडते, सुरत आणि दमणच्या किनाऱ्याला बिलगून खाली उतरते, वैतरणेचे मुख आणि अर्नाळ्याचे बेट मागे टाकते आणि वसईच्या किल्ल्यावरून जवळजवळ डोक्यावरूनच खाडी पार करून जुहूला पोहोचते. किल्ल्यातील सेंट जोसेफच्या भग्न मंदिराचा मनोरा या रेषेपासून हाकेच्या अंतरावर आहे. आज या मनोऱ्यावरून एकामागून एक विमाने मुंबईकडे उतरत असतात आणि खाली कोणी मान वर करीत नाही. परंतु भारतीय टपाल-विमानसेवेचा पहिला प्रवास ज्या वाटेने झाला, तिचा अखेरचा टप्पा आपल्या वसईच्या आभाळातून जातो, ही गोष्ट आपल्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानात असेल.

तो दिवस होता शनिवार, १५ ऑक्टोबर १९३२. आपल्या पंचांगाप्रमाणे आविलाच्या संत तेरेजाचा सण. पहाट सरल्यावर ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून एका इंजिनाचे, ‘पस मॉथ’ जातीचे छोटे विमान उडाले. चालविणारे होते २८ वर्षांचे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. सोबतीला कोणी नव्हते. होती ती पत्रांची थैली, वजनाने सुमारे २५ किलो. अहमदाबादला ते इंधनासाठी उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आणले गेले होते. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान जुहूच्या मातीच्या मैदानावर टेकले. म्हणजे ते आपल्या बाजूने गेले असेल, तर उतरण्यापूर्वी दहाएक मिनिटे. तो भातकापणीचा काळ. कापणीला वाकलेल्या माणसांनी घरघर ऐकून विळा क्षणभर थांबवला असेल, पाचूबंदरच्या कोळ्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिले असेल, असे चित्र मनात उभे राहते.

आजच्या हिशेबाने हजार-साडेदहाशे किलोमीटरचा तो प्रवास अगदी किरकोळ वाटावा. परंतु त्या काळच्या लहान विमानात बसणे म्हणजे काय होते, हे समजून घेतले पाहिजे. ताशी शंभर मैलांच्या आसपास वेग, वाट दाखविण्यास एक होकायंत्र आणि मांडीवर नकाशा. खालून वाट सांगणारे कोणी नाही. वैमानिक नद्या, रेल्वेचे रूळ आणि समुद्राची कड पाहून आपली वाट ओळखत. ढग खाली उतरले की ही सारी खूण पुसली जाई. इंजीन बंद पडले तर एखादे शेत किंवा पुळण शोधून उतरावे लागे. आणि खाली आखात असेल तर तेही नाही.

दोन भावंडे अबुकीरच्या वाळूत

या प्रवासामागे आणखी एक प्रवास आहे. १९२९ च्या नोव्हेंबरात आगाखान यांनी जाहीर केले, की इंग्लंड व भारत यांमधील अंतर विमानाने एकट्याने, ठरावीक मुदतीत पार करणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंडांचे बक्षीस देण्यात येईल. दिशा कोणतीही चालेल. तीन तरुण पुढे आले. पंजाबचे मनमोहन सिंग, मुंबईचे जे. आर. डी. टाटा आणि कराचीत वाढलेले अस्पी इंजिनियर. अस्पी तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. १९३० च्या मार्चमध्ये ते आर. एन. चावला यांच्याबरोबर कराचीहून इंग्लंडला विमानाने गेले होते.

अस्पी इंग्लंडहून पूर्वेकडे निघाले, टाटा ३ मे १९३० रोजी कराचीहून पश्चिमेकडे. दोघांची वाट इजिप्तमध्ये अबुकीर येथे जुळली. टाटा तेथे उतरले तर अस्पी खोळंबून बसलेले. त्यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ दुसरे नव्हते. स्पार्क प्लग म्हणजे इंजिनातील इंधनाला ठिणगी देणारी बोटभर वस्तू. ती नाही तर विमान म्हणजे लाकूड आणि कापड. टाटांच्या सामानात जादा प्लग होते. प्रतिस्पर्ध्याला ते नाकारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता. त्यांनी ते काढून दिले. उपकार फेडण्यासाठी अस्पींनी आपले पाण्यावर तरंगविणारे जाकीट टाटांना दिले. टाटांना पुढे भूमध्य समुद्र ओलांडायचा होता आणि त्यांच्यापाशी तसे जाकीट नव्हते.

अस्पी इंजिनियर ११ मे रोजी कराचीस पोहोचले आणि बक्षीस त्यांना मिळाले. टाटा थोडक्याने मागे राहिले. मनमोहन सिंग यांनीही प्रवास पुरा केला, पण त्यांची मुदत उलटून गेली होती. टाटांनी ती हार आयुष्यभर आनंदाने सांगितली. अस्पी पुढे हवाई दलात गेले आणि १९६० मध्ये भारताचे हवाई दलप्रमुख झाले. बोटभर प्लगांची ती देवघेव नसती, तर कदाचित ही कारकीर्द दुसऱ्याच वळणाने गेली असती.

शर्यतीत धावणारा प्रत्येक जण बक्षिसासाठी धावतो हे संत पौलाने करिंथकरांना लिहिले आहे. अबुकीरच्या वाळूत मात्र धावणारे दोघे थांबले, आणि थांबल्यामुळे दोघेही पुढे जाऊ शकले. म्हणूनच त्या तिघांमधील ही दोघे मला भावंडांसारखी वाटतात.

टपाल कोणासाठी?

आता १९३२ कडे परत येऊ. बक्षिसाची शर्यत ही एका दिवसाची गोष्ट. टपाल ही रोजच्या संसाराची. मार्च १९२९ पासून इंपीरियल एअरवेजची विमाने लंडनहून कराचीपर्यंत पत्रे आणू लागली होती. परंतु कराचीला आलेले पत्र पुढे मुंबई-मद्रासकडे जायचे ते आगगाडीने किंवा बोटीने. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या, ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेल्या वैमानिकाने ही त्रुटी हेरली आणि टाटांपुढे योजना मांडली. दोन लाख रुपयांचे भांडवल, दोन लहान विमाने आणि जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक पडवी, एवढ्यावर सेवा सुरू झाली. जुहूहून ती थैली घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात बुडे, तेव्हा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. याच रोपट्याचा पुढे ‘एअर इंडिया’ हा वृक्ष झाला; १९५३ मध्ये तो सरकारकडे गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आला.

परंतु या कथेत कॅथलिक वाचकाने थांबून पाहावे असे काही आहे, आणि ते विमानात नसून नकाशात आहे. १९३२ साली कराची आणि मुंबई ही दोन देशांतील शहरे नव्हती. दोन प्रांतांतीलही नव्हती. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. एवढेच नव्हे, कराचीची धर्मग्रामे त्या वेळी मुंबईच्या महाधर्मप्रांतात मोडत. कराचीचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९४८ मध्ये, फाळणीनंतर. म्हणजे संत तेरेजाच्या सणाच्या दिवशी टाटांचे विमान कराचीच्या सेंट पॅट्रिक्स मंदिराच्या आसमंतातून निघून वसईच्या मंदिरांच्या आभाळापर्यंत आले, तेव्हा त्याच्या वाटेची दोन्ही टोके एकाच महागुरूंच्या देखरेखीखाली होती. नोकरीधंद्यासाठी गोव्याहून आणि मुंबईहून अनेक ख्रिस्ती कुटुंबे कराचीस जाऊन राहिली होती. त्यांच्या दृष्टीने त्या सात तासांच्या उड्डाणाला वेगळाच अर्थ होता. पत्र लवकर येणे म्हणजे आजारपणाची, बाळंतपणाची, मृत्यूची वार्ता वेळेवर येणे.

ज्या घरातून कोणी आखाती देशांत किंवा बोटीवर गेले आहे, अशा वसईच्या घराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पत्राची वाट पाहणे काय असते ते आपल्या आई-आजींनी अनुभवले आहे. पोस्टमन अंगणात दिसला की चुलीवरचे कालवण सोडून बाहेर धावणारी बाई आपल्या प्रत्येक गावात होती.

पोर्तुगालहून दहा महिन्यांची नव्हे, तीन आठवड्यांची वाट

आपल्या वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगीजांची सत्ता होती. वास्को द गामा जुलै १४९७ मध्ये लिस्बनहून निघाला तो मे १४९८ मध्ये कालिकतला लागला. दहा महिने समुद्रावर गेले. नोव्हेंबर १९३० मध्ये मोरेरा कार्दोझो आणि सार्मेंतू पिमेंतेल हे दोन पोर्तुगीज वैमानिक टाटांनी पुढे वापरले त्याच जातीच्या ‘पस मॉथ’ विमानातून पोर्तुगालहून गोव्याला तीन आठवड्यांच्या आत आले. त्यांनी विमानाला आपल्या देशातील एका डोंगराचे, ‘मारांव’ असे नाव दिले होते. गलबतांच्या आरमाराने जे साम्राज्य उभे केले, त्याच्या संध्याकाळी दोन माणसे एका कापडी पंखांच्या यंत्रातून त्याच किनाऱ्यावर आली. इतिहासाची ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

आकाशातील सेवा

विमान म्हणजे धाडस आणि कीर्ती, ही समजूत ज्यांनी बदलली त्यांत एका धर्मगुरूंचा समावेश आहे. जर्मनीचे फादर पॉल शुल्टे पहिल्या महायुद्धात वैमानिक होते. पुढे ते ओब्लेट संघाचे धर्मगुरू झाले. आफ्रिकेत काम करणारा त्यांचा मित्र वेळेवर डॉक्टरापर्यंत पोहोचू न शकल्याने वारला. त्या दुःखातून त्यांनी १९२७ मध्ये ‘मिवा’ ही संस्था काढली. मिशनरींना मोटारी, होड्या आणि विमाने पुरविणे हे तिचे काम. १९३८ मध्ये कॅनडाच्या उत्तर टोकाला आर्क्टिक बे येथे फादर कोशार्ड गंभीर आजारी असल्याचे कळताच फादर शुल्टे स्वतः लहान विमान घेऊन धुके आणि बर्फातून गेले व त्यांना रुग्णालयात घेऊन आले. जो मित्र वाचविता आला नव्हता, त्याचे ऋण त्यांनी दुसऱ्याला वाचवून फेडले, असे म्हणावेसे वाटते.

ख्रिस्तसभेने वैमानिकांना आश्रयदात्री दिली आहे तीही एका घराच्या निमित्ताने. नाझरेथचे पवित्र कुटुंबाचे घर देवदूतांनी उचलून इटलीतील लोरेतो येथे आणले, अशी जुनी श्रद्धा आहे. तिला धरून पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२० मध्ये लोरेतोच्या पवित्र मातेस वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. आभाळात उडणाऱ्यांची माता एका घराची माता आहे, यात मोठा अर्थ आहे. उडणाऱ्याचे मन शेवटी घराकडेच असते.

पुन्हा तीच वाट

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी टाटांनी पन्नास वर्षांपूर्वीचा तो प्रवास पुन्हा केला. वय ७८, विमान जुने ‘लेपर्ड मॉथ’, एकटेच. कराचीहून निघून ते मुंबईला आले. मधल्या काळात त्या वाटेवर सरहद्द उभी राहिली होती आणि दोन्ही देशांत युद्धे होऊन गेली होती. तरी त्या दिवशी त्या वृद्ध वैमानिकाला वाट मिळाली.

त्यानंतर ३० जुलै २०१८ रोजी पतियाळाहून दोन तरुणी एका चिमुकल्या विमानातून जगप्रदक्षिणेच्या संकल्पाने निघाल्या. मुंबईची आरोही पंडित आणि कीथेअर मिस्किटा. मिस्किटा हे आडनाव आपल्या धर्मग्रामांच्या नोंदवह्यांना नवखे नाही. ‘माही’ नावाचे त्यांचे विमान दोन आसनांचे, मोटारगाडीहून पुष्कळ हलके. पाकिस्तान, इराण, तुर्कस्तान अशी वाट करीत त्या युरोपात पोहोचल्या. पुढचा अटलांटिक आरोहीने एकटीने ओलांडला. मे २०१९ मध्ये स्कॉटलंडहून आइसलँड व ग्रीनलँडमार्गे ती कॅनडाला उतरली. हलक्या क्रीडाविमानातून एकटीने अटलांटिक पार करणारी ती जगातील पहिली स्त्री. समुद्रावरच्या त्या लांब उड्डाणांत दुसरे आसन रिकामे होते, आणि त्या रिकाम्या आसनातही एका मैत्रिणीचा वाटा होता, हे विसरता कामा नये.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोहीने टाटांच्या पहिल्या उड्डाणाला मानवंदना म्हणून भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत उड्डाण केले. सोबत भुजजवळच्या माधापर गावातील स्त्रियांचे पत्र होते. १९७१ च्या युद्धात बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेली भुजची धावपट्टी या गावातील सुमारे तीनशे स्त्रियांनी ७२ तासांत दुरुस्त केली होती. म्हणजे याही वेळी विमानात टपाल होते.

एकच गोष्ट मनाला लागते. १९३२ मध्ये उड्डाण कराचीहून झाले, १९८२ मध्येही कराचीहून झाले. २०२१ मध्ये ते भुजहून करावे लागले. विमाने अधिक चांगली झाली, यंत्रे अधिक शहाणी झाली, पण वाट मात्र तोकडी झाली. एके काळी एकाच महाधर्मप्रांतात असलेल्या दोन शहरांमध्ये आज पत्र पोहोचविणेही सोपे राहिलेले नाही.

यापुढे ऑक्टोबरात, संत तेरेजाच्या सणाच्या दुपारी, किल्ल्याजवळून जाताना क्षणभर वर पाहावे. दिसेल ते एखादे मोठे प्रवासी विमान असेल. परंतु त्या वाटेने एकदा २५ किलो पत्रे आली होती, आणि ती आणणाऱ्याने दोन वर्षांपूर्वी आपल्या प्रतिस्पर्ध्याला स्वतःचे प्लग काढून दिले होते, याची आठवण मुलांना करून द्यावी. कराचीतील ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी तेव्हा एक ‘नमो मरिया’ म्हटली, तर तिला अजूनही कोणत्याही सरहद्दीवर थांबावे लागत नाही.